कापसाचं बोंड घेऊन रंगाच्या दुकानात जा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"दारव्हा तालुक्यात आमच्या बाबांनी बांधलेलं घर आहे. समोरच्या दोन खोल्या स्लॅबच्या. मागचं माजघर आणि स्वयंपाकघर जुन्या मातीच्या भिंतींचं, वर कवेलू. बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून घर बंद आहे. आई माझ्याजवळ यवतमाळला असते, भाऊ पुण्याला. घर विकायचं ठरलं आहे. बैठकीची खोली पोपटी, तिची एक भिंत गुलाबी, दुसरी खोली आकाशी, आणि सगळीकडे खालून चार फूट चॉकलेटी ऑईल पेंटचा पट्टा. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. एका मास्तरांच्या बायकोने तोंडावरच सांगितलं, 'मले या खोलीत गरगरल्यासारखं होते.' भाऊ म्हणतो, आजकाल चालतो तसा राखाडी रंग दे. पेंटर म्हणतो, एक भिंत टेक्स्चरची करा, घराला उठाव येईल. आई म्हणते, पांढरा दिला तर घर ओकंबोकं दिसेल. आणखी एक गोष्ट. छपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, दाराच्या वरच्या भिंतीवर माझ्या लग्नात बाबांनी पेंटरकडून आमची दोघांची नावं लिहून घेतली होती, १९९९ ची. दर दिवाळीला बाबा त्या अक्षरांभोवतीच रंग मारत. त्याचं काय करू?"

ताई,

आधी भावाच्या राखाडीबद्दल बोलते. त्यांचा आग्रह आपुलकीचा आहे, पण तो रंग त्या घरात चालणार नाही. पुण्याच्या फ्लॅटला मोठी काचेची खिडकी असते, छत पांढरं असतं, संध्याकाळी पिवळसर दिवे लागतात. तिथे राखाडी भिंत शांत वाटते. तुमच्या गावच्या खोलीची खिडकी असेल दोन-अडीच फुटांची, आणि तिच्यात कूलर बसवलेला असेल. उजेड काय येतो तो दारातून. अशा खोलीत राखाडी भिंत नुसत्या सिमेंटसारखी दिसते. आपल्याकडे कितीतरी घरं प्लास्टर होऊन रंगाविना थांबलेली असतात, कारण रंगाचे पैसे पुढच्या हंगामावर ढकललेले असतात. तिथे राखाडी पाहून माणसाला वाटतं, या घराचं काम अजून बाकी आहे.

टेक्स्चरचं तर मनातून काढूनच टाका. त्या खाचांत काळी धूळ बसते, ती झाडूने निघत नाही. आणि नव्या मालकाला ती भिंत नको असेल तर अख्खी घासून काढावी लागते. त्याच्या डोक्यात तो खर्च तिथेच उभा राहतो.

खरं कारण हा हिशेबच आहे. गिऱ्हाईक पोपटी भिंत पाहतं तेव्हा त्याला पोपटी रंग आवडला की नाही हा प्रश्न दुय्यम असतो. 'हे सगळं मला पुन्हा रंगवावं लागणार' हे त्याच्या मनात येतं आणि ती रक्कम तो तुमच्या किमतीतून वजा करतो. बहुतेक वेळा खऱ्या खर्चापेक्षा जास्तच वजा करतो, कारण त्याने पेंटरला विचारलेलं नसतं, नुसता अंदाज धरलेला असतो. फिक्या रंगाची भिंत असली की तो म्हणतो, राहायला येऊ, दोन-चार वर्षांनी पाहू. मास्तरांच्या बायकोला तुमच्या खोलीत स्वतःची आलमारी, पलंग, मुलांचं टेबल कुठे बसेल ते डोळ्यांपुढे आणायचं होतं. पोपटी आणि गुलाबीच्या मध्ये तिला ते दिसेना.

आईंचं म्हणणं मला अर्धं पटतं. आमचं माहेरचं घर विकायचं होतं तेव्हा मी हट्टाने पांढराशुभ्र रंग घेतला आणि त्यात पेंटरने जुन्या सवयीने नीळ घातली. उत्तरेकडची खोली दवाखान्यासारखी थंड दिसू लागली. महिनाभरात बटणांच्या पाटीभोवती आणि दाराच्या कडेला काळ्या मातीच्या हातांचे डाग पडले. जे गिऱ्हाईक आलं त्याची नजर आधी त्या डागांवर गेली. त्या घरात मी लहानाची मोठी झाले होते. लोक त्याच्याकडे तसे पाहताना मला फार लागलं. म्हणून सांगते, पांढरा नको, पांढऱ्याच्या जवळचा हवा.

नेमका कोणता, तर शेड कार्डवरची नावं विसरा. प्रत्येक कंपनीची नावं आणि नंबर वेगळे असतात. दसऱ्याच्या सुमारास पहिली वेचणी सुरू होईल. कोणाच्या तरी वावरातून एक चांगलं उमललेलं बोंड घ्या, सरकीसकट. तो कापूस पांढरा दिसतो, पण कागदाशेजारी ठेवला की कळतं, त्याच्यात किंचित सायीचा पिवळेपणा आहे आणि त्याहून किंचित मातीचा. तो रंग हवा. शेवटच्या वेचणीच्या कवडीचा, म्हणजे डागी कापसाचा, पिवळट नको, त्याने भिंत जुनाट दिसते. बोंड आणि कोरा पांढरा कागद दोन्ही घेऊन दुकानात जा, शेड कार्ड दुकानाबाहेर उन्हात आणा आणि जवळ धरून बघा. कागदाशेजारी धरल्यावर काही शेड गुलाबीकडे झुकतात, काही हिरव्याकडे. दुकानाच्या ट्यूबखाली हे कळत नाही. हिरव्याकडे झुकणारा अजिबात घेऊ नका. समोर शेत किंवा कडुनिंब असेल तर दारातून येणाऱ्या उजेडात आधीच हिरवी छटा असते.

दोन शेड पसंत पडले तर दोन्हींची लहान डबी घ्या. पोपटी भिंतीवर थेट लावून बघू नका, खालचा रंग वर डोकावेल आणि फसगत होईल. आधी दोन बाय दोन फुटांचा तुकडा प्रायमरने पांढरा करा, त्यावर शेडचे दोन हात द्या. सकाळी, दुपारी तीनला आणि रात्री दिवे लावून, अशा तिन्ही वेळांना बघा. पश्चिमेच्या खोलीत दुपारनंतर सगळंच पिवळं दिसतं, म्हणून तिथे दोनपैकी कमी पिवळा शेड चांगला. घरभर एकच शेड ठेवला तरी हरकत नाही. उलट खोल्या एकमेकींत मिसळतात आणि घर मोठं वाटतं. छत मात्र साधं पांढरं.

डबे एकाच दिवशी, एकाच मशिनवर बनवून घ्या आणि पेंटरला सगळे एका मोठ्या पिंपात एकत्र करायला सांगा. वेगवेगळ्या वेळी बनवलेल्या डब्यांत किंचित फरक पडतो. तो भिंतीच्या मधोमध दिसला की पूर्ण हात पुन्हा मारावा लागतो. किती लागेल ते तुम्हीच काढा. दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली म्हणजे चारही भिंतींचे ४४० चौरस फूट, दार-खिडकी वजा जाता साधारण ४००. इमल्शनचा, म्हणजे पाण्यात मिसळायच्या प्लास्टिक रंगाचा, एक लिटर दोन हातांना ६०-७० चौरस फूट पुरतो असं धरलं तर एका खोलीला सहा-सात लिटर. डब्यावर लिहिलेला आकडा गुळगुळीत भिंतीचा असतो. तुमची भिंत खडबडीत असली तर जास्त लागेल.

चमकदार रंग घेऊ नका. हाताने केलेल्या जुन्या प्लास्टरला चढउतार असतात. चमक आली की प्रत्येक फुगवटा दिसतो. मॅट इमल्शन किंवा चांगलं अ‍ॅक्रेलिक डिस्टेंपर पुरे. फक्त स्वयंपाकघरात आणि न्हाणीत पुसता येईल असा घ्या.

आता त्या चॉकलेटी पट्ट्याकडे येऊ, कारण पैसे वाया जातात ते इथे. ऑईल पेंटवर पाण्याचा रंग नुसता मारला तर तो धरत नाही, चार-सहा महिन्यांत नखाने सोलून निघतो. पट्टा आधी पॉलिशपेपरने घासून खरखरीत करावा लागतो, मग प्रायमर, मग रंग. पेंटर हे काम टाळायला बघेल, तुम्ही टाळू देऊ नका. आणि घासताना पाणी मारून ओलंच घासायला सांगा, तोंडाला फडकं बांधायला सांगा, लहान मुलांना त्या दिवशी तिथे नेऊ नका. घरगुती रंगातलं शिसं दहा लाख भागांत ९० पर्यंतच असावं, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमच्या बाबांनी मारलेला ऑईल पेंट त्याच्या आधीचा असू शकतो. त्याची धूळ पोटात गेलेली बरी नाही, पेंटरच्याही नाही.

भिंतीवरचे फोटो आणि कॅलेंडरं काढाल तेव्हा त्यांच्या मागे पोपटी रंग अजून ताजा दिसेल. खिळे उपटून भोकं पुट्टीने बुजवा. बाबांचा फोटो गिऱ्हाईक यायच्या आधी यवतमाळला आईजवळ नेऊन ठेवा. ते घर आता कोणीतरी निव्वळ घर म्हणून पाहणार आहे, त्या नजरेखाली फोटो राहू नये असं मला वाटतं.

रंगाच्या आधी भिंतीची तपासणी. घर दोन पावसाळे बंद आहे, म्हणजे ओल असणारच, विशेषतः कूलरच्या खिडकीखाली. तिथे वर्षानुवर्षं पाणी झिरपलेलं असतं आणि बोअरचं पाणी जड असलं तर पांढरे क्षार फुललेले असतात. तो लोणा पाण्याने धुवू नका, क्षार विरघळून परत आत जातात. कोरड्या ब्रशने झाडून काढा. ओल अजून जिवंत आहे का हे बघायला फूटभर चौरस जाड पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि एक-दोन दिवसांनी पाहा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे असतील तर ओल भिंतीतून येते आहे. तेव्हा कितीही महाग पुट्टी भरा, ती फुगून पडेल. आधी पाण्याची वाट शोधा. स्लॅबवरच्या पाण्याचा निचरा, फुटका पाईप, मागच्या बाजूला भिंतीला टेकलेली माती, यातलंच काहीतरी असतं.

आणि भेगा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे आपल्याकडे भेगा नसलेलं घर क्वचित सापडतं. केसासारख्या बारीक भेगा प्लास्टरच्या असतात, त्या भरून रंगवा. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, बोटाचं नख आत जाईल एवढी भेग असेल तर तिच्यावर आडवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा छोटा पट्टा द्या, त्यावर तारीख लिहा आणि थांबा. महिना-दोन महिन्यांत पट्टा तडकला तर भिंत अजून हलते आहे. मग मिस्त्रीला दाखवा आणि गिऱ्हाइकालाही सांगा. रंगाखाली ती लपवावी असं तुमच्या मनातही येणार नाही हे मला पत्रावरून कळतं, तरी पेंटर सुचवेल म्हणून लिहिते. घेणारं कुटुंब त्या भिंतीखाली झोपणार आहे. जिथे नवं सिमेंट लावाल तिथे निदान तीन-चार आठवडे रंग देऊ नका, ओल्या सिमेंटचा क्षार रंग खातो.

मागच्या मातीच्या भिंतींचं शास्त्र निराळं आहे. त्यांना पुट्टी नको, प्लास्टिक रंग नको, सिमेंटचा गिलावा तर मुळीच नको. मातीची भिंत पाणी घेते आणि सोडते. वरून प्लास्टिकसारखा थर दिला की आत शिरलेलं पाणी अडकतं आणि भिंत आतून भुसभुशीत होते. वर्षभर काही दिसत नाही, मग एके दिवशी पापुद्रा मातीसकट निघतो. तिथे चुनाच द्या. कळीचा चुना आदल्या दिवशी भिजवून ठेवा. भिजताना तो उकळतो, डोळे सांभाळा. मग फडक्यातून गाळा, थोडा डिंक घाला, भिंतीवर पाण्याचा हबका मारा आणि पातळ पातळ तीन हात द्या. ओला असताना चुना पारदर्शक दिसतो, पेंटर घाबरून जाड मारायला लागतो. वाळल्यावर पांढरा उठतो. चुन्यात अगदी थोडी पिवडी (पिवळी माती) घातली की तोही बोंडाच्या रंगाच्या जवळ येतो आणि समोरच्या खोल्यांशी जुळतो. आधी डिस्टेंपर मारलेलं असेल तर मात्र ते खरवडल्याशिवाय चुना धरणार नाही.

स्वयंपाकघरात चुलीची काजळी असेल. ती तेलकट असते, कोणत्याही पाण्याच्या रंगातून पिवळी होऊन वर येते. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि ती भिंत सिमेंटची असेल तर ऑईल प्रायमर द्या. मातीची असेल तर काजळीचा वरचा थर खरवडून, मातीने लिंपून मग चुना. ज्या खोलीत कापूस भरून ठेवत होतात तिथे छताच्या कोपऱ्यांत रुई अडकलेली असेल, ती आधी झाडा, नाहीतर ब्रशला लागून भिंतीवर येते.

दारं-चौकटी पाहा. जुन्या घरांत त्या पुष्कळदा सागवानाच्या असतात आणि वर ऑईल पेंटचे चार थर. एका कोपऱ्यात खरवडून बघा. खाली साग निघाला तर रंग काढून नुसतं तेल किंवा वॉर्निश द्या. आपल्याकडे सागवान ओळखणारी माणसं अजून आहेत. फिक्या भिंतीत सागाचं दार उभं राहिलं की आईंना वाटतो तो ओकेपणा राहत नाही.

बाहेरून सगळं एकाच रंगात नको. पावसाळ्यात काळ्या मातीचे शिंतोडे दीड-दोन फूट उडतात, फिकी भिंत एका झडीत खराब होते. जोत्यापासून तेवढा पट्टा गेरूच्या जवळचा विटकरी द्या, जसा आपल्या आज्या सारवताना द्यायच्या. गुरांचा कोठा असेल तर त्याला साधा चुना, एकच हात. तिथे पैसे घालू नका.

रंगाचं काम दसऱ्यानंतर सुरू करा; भेगा आणि सिमेंटचं त्याआधी उरका. पोळा झाला तरी झड अजून येते आणि ओल्या हवेत दोन हातांमधलं अंतर वाढत जातं. उन्हाळ्यावरही टाकू नका. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच सुकतो आणि पट्टे उमटतात. दिवाळीपर्यंत रंग झाला की कापूस-सोयाबीनचे पैसे हाती येण्याच्या सुमाराला घर दाखवायला तयार असेल.

त्याआधीच्या वेळात कागद बघा, हे रंगाहून महत्त्वाचं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घराच्या कर आकारणीच्या नोंदीत, अजून बाबांचंच नाव असेल तर आई, तुम्ही आणि भाऊ तिघांची वारस म्हणून नोंद करून घ्या, घरटॅक्सची बाकी भरून पावती ठेवा. गावठाणाची ड्रोन मोजणी होऊन मिळकत पत्रिका आली असेल तर तीही काढा. मास्तर पुन्हा आले तर पहिला प्रश्न हाच विचारतील.

आता छपरीतली नावं. तुम्ही शेवटी, एका ओळीत लिहिलंत, पण पत्र त्याच्यासाठीच लिहिलंत असं मला वाचताना वाटलं. आपल्याकडे लग्नघराच्या भिंतीवर 'अमुक संग तमुक' लिहिलं की ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. तुमच्या बाबांनी तर पंचवीसेक दिवाळ्या ते राखलं. तरी ते झाकावं लागेल, ताई. जे घर घेतील त्यांची मुलगी उद्या त्याच दारातून निघेल, तिचं नाव लिहायला जागा हवी.

मात्र हे पेंटरवर सोडू नका. ती अक्षरं ऑईल पेंटची असणार, आणि वर्षानुवर्षं भोवतीच रंग मारल्यामुळे आता ती चौकटीत बसवल्यासारखी खोल गेली असतील. वरून नुसता हात फिरवला तर पहिल्या पावसाळ्यात नावं पुन्हा पुसट दिसू लागतील. अक्षरं घासून, भोवतालच्या थराची कड पुट्टीने सारखी करून, ऑईल प्रायमर देऊन मगच रंग. हे काम सगळ्यात शेवटी ठेवा, बाकीचं घर पूर्ण झाल्यावर. त्याच्या आदल्या दिवशी आईंना यवतमाळहून घेऊन या, सकाळच्या उन्हात, म्हणजे छपरीत उजेड चांगला असेल. फोटो काढा, नुसत्या अक्षरांचा नको, आई दारात उभ्या असलेला. वर थरांची जी कड दिसते ना, तिथे नखाने हलकेच टोकरून एक पापुद्रा काढा. त्यात दर दिवाळीचा एक रंग असेल, बाबांच्या हातचा. तो डबीत घालून ठेवा आणि मग पेंटरला बोलवा.